मोठ्या डॉक्टरांची खुर्ची

धुळ्याच्या किंवा जळगावच्या सिव्हिलमध्ये पेशंट घेऊन आलेला शिंदखेडा-चोपड्याकडचा माणूस वॉर्डाच्या दारात आधी एवढंच विचारतो, "मोठा डाक्टर से का?" मोठा डॉक्टर म्हणजे ज्याच्या हातात सगळं आहे तो. औषध बाहेरून का आणायचं, मशीन बंद का, डोक्याच्या ऑपरेशनला नाशिकच का गाठायचं, हे त्यालाच विचारायचं आणि त्यानंच सोडवायचं. एके काळी ही समजूत बरीचशी खरी होती. नंतरच्या साठ वर्षांत ती खोटी होत गेली. हा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, कारण त्यात लढाई नाही की हुतात्मा नाही. आहेत ते कायदे, शासन निर्णय, बदलीचे आदेश आणि समित्या.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. कलेक्टर दोन झाले, तसे सिव्हिल सर्जनही दोन. हा सिव्हिल सर्जन बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा (आय.एम.एस.), म्हणजे मुळात फौजी डॉक्टर. नावापुढे मेजर किंवा कॅप्टन. दवाखाना त्याचा, मुडद्याची तपासणी त्याची, नोकरीसाठीचं शरीरप्रकृतीचं सर्टिफिकेट त्याचं, अनेक जिल्ह्यांत तुरुंगाची देखरेखही त्याचीच. वर खासगी पेशंट पाहून फी घ्यायची मुभा. कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडंट आणि सिव्हिल सर्जन ही जिल्ह्याची त्रिमूर्ती, आणि संध्याकाळी तिघे एकाच क्लबात. अशा माणसाला संघटना कशाला हवी? त्याचं म्हणणं मुंबईच्या सर्जन-जनरलला पत्रानं कळत होतं आणि कलेक्टरला पत्त्यांच्या डावात.

संघटना हवी होती ती त्याच्या हाताखालच्यांना. असिस्टंट सर्जन आणि सब-असिस्टंट सर्जन ही देशी मंडळी. यातले बरेच पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून शिकून तालुक्याच्या दवाखान्यात येत आणि तिथंच पेन्शनीत निघत. वरच्या जागेसाठीची परीक्षा लंडनला. १८५५ पासून ती हिंदी उमेदवारांना खुली होती खरी, पण एरंडोल-अमळनेरच्या पोराला लंडनचं भाडं कुठून परवडणार? देशी डॉक्टरांची तक्रार पहिल्यांदा संघटितपणे मांडली ती १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे मेडिकल युनियननं. मागणी सरळ होती : जिल्ह्याच्या दवाखान्यांच्या वरच्या जागा फौजी सेवेसाठी राखून ठेवू नका. काँग्रेसच्या अधिवेशनांतही हा प्रश्न येत राहिला. पण युनियन मुंबईची, तिचे पुढारी मुंबईचे नामांकित डॉक्टर. पारोळ्याच्या सब-असिस्टंट सर्जनची बदली कुठं झाली, याच्याशी तिला फार देणंघेणं नव्हतं. मुंबईचा मोठा डॉक्टर बोलणार आणि मोफसलचा ऐकणार, ही रीत तेव्हाच पडली, आणि माझ्या मते ती आजही पुरती मोडलेली नाही.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानं प्रांतांना अधिकार वाटून दिले, त्यात वैद्यकीय खातं आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. आरोग्याच्या कारभाराचं हे आपल्याकडचं पहिलं विकेंद्रीकरण. त्यातली गोम अशी की सिव्हिल सर्जनच्या काही जागा आय.एम.एस.साठी राखीवच राहिल्या. दवाखाना मंत्र्याचा, पण दवाखान्याचा प्रमुख लंडनच्या भारतमंत्र्यानं नेमलेला. मंत्र्याला त्याला हलवता येत नसे आणि त्यालाही मंत्र्याची पत्रास नसे. मुंबईत यावर वेगळा उपाय निघाला. १९२६ मध्ये परळला के.ई.एम. आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तिथं डॉक्टर हिंदीच असावेत हा आग्रह होता, आणि बिनपगारी मानद सर्जन-फिजिशियनांची मोठी पिढी तिथून पुढे आली. 'ऑनररी' हा शब्द पुढे जिल्ह्यांतही रुळला. गावातला नावाजलेला खासगी डॉक्टर आठवड्यातले काही तास सिव्हिलला देई. त्याचा आवाज असे तो त्याच्या गावातल्या वजनामुळे, सरकारी पदामुळे नव्हे. १९२८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. सर्जन आणि कायदेमंडळाचे सभासद असलेले डॉ. गोपाळराव देशमुख यांच्यासारखी माणसं तिच्यात पुढे होती. म्हणजे डॉक्टरांची बाजू विधिमंडळात मांडायला माणूस होता, फक्त तो सरकारी नोकर नव्हता.

१९४७ मध्ये आय.एम.एस. संपली. खुर्ची तीच राहिली, तिच्यावर देशी डॉक्टर बसला. पुढची पंधरा वर्षं, म्हणजे १९६२ पर्यंत, धुळे-जळगावच्या सिव्हिल सर्जनचा रुबाब टिकून होता. वयस्कर मंडळींच्या बोलण्यात अजून येणारा 'सिव्हिल सर्जन' हा याच काळातला.

मग १ मे १९६२ आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून केलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा त्या दिवशी अमलात आला. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं इतर राज्यांपेक्षा एक धाडसाची गोष्ट केली : कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं आणि परिषद निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती दिली. शाळा, पाणी, रस्ते, शेती यांच्याबरोबर आरोग्यही गेलं. पण सगळं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रं, लसीकरण, साथरोग आणि कुटुंब नियोजन परिषदेकडे आले. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्याकडेच राहिलं. एका जिल्ह्यात डॉक्टरांची दोन घरं झाली. एका घराचा कर्ता जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डी.एच.ओ., तो परिषदेचा. दुसऱ्याचा सिव्हिल सर्जन, तो मुंबईचा.

पुढे ग्रामीण रुग्णालयं निघाली, ३० खाटांची. ती सिव्हिल सर्जनकडे. त्यामुळे साक्री किंवा रावेरसारख्या तालुक्यात दोन रांगा उभ्या राहिल्या. गावाबाहेरच्या ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक धुळ्या-जळगावच्या सिव्हिल सर्जनना, म्हणजे सी.एस.ना, उत्तर देणार, आणि पाच कोसांवरच्या आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, म्हणजे एम.ओ., झेडपीच्या डी.एच.ओ.ला. सपाटीला ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र हा निकष. सातपुड्याच्या पायथ्याचा एम.ओ. अडलेली बाई जीपमध्ये घालून पाठवी, ती ज्या दवाखान्यात पोचे तो दुसऱ्या खात्याचा. तिथं भूलतज्ज्ञ नसला तर त्याची तक्रार त्यानं कुणाकडे करायची, हे कुठल्याही नियमात नव्हतं.

जिल्हा परिषदेची आरोग्य समिती एकदा जवळून बघायला हवी, कारण ज्येष्ठ डॉक्टरला लोकशाहीत नेमकी कुठं जागा मिळाली हे तिथं दिसतं. अध्यक्षस्थानी सभापती, निवडून आलेले. भोवती सदस्य, तेही निवडून आलेले. डी.एच.ओ. समितीचा पदसिद्ध सचिव. विषयपत्रिका त्यानं काढायची, इतिवृत्त त्यानं लिहायचं, ठराव झाला की अंमलबजावणी त्यानंच करायची. मत मात्र नाही, कारण तो सदस्य नाही. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मग औषधं, गाड्यांचं डिझेल, गळकं उपकेंद्र. मग कुणीतरी सदस्य उठतो आणि आमच्या केंद्राचा डॉक्टर मुख्यालयी राहत नाही, असं सांगतो. हा विषय १९६२ पासून आजवर एकाही जिल्हा परिषदेत संपलेला नाही. डी.एच.ओ. उभा राहून सांगतो की निवासस्थान राहण्याजोगं नाही. निवासस्थान बांधकाम विभागाचं. बांधकामाचा माणूस या सभेत नाही. शेवटी ऐनवेळचे विषय, आणि त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या रिक्त पदांचा ठराव : 'शासनास कळविण्यात यावे.' कळवायचं सचिवानंच. म्हणजे डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत ही तक्रार डॉक्टरच, लोकप्रतिनिधींच्या नावानं, आपल्याच खात्याला करणार.

सदस्यांना दोष देऊन उपयोग नाही. मतदारांनी विचारलेलंच ते तिथं विचारत होते, आणि पूर्वीच्या सिव्हिल सर्जनला असं विचारायची कुणाची टाप नव्हती. लोकांना डॉक्टरला जाब विचारता यायला लागला, हे विकेंद्रीकरणाचं मोठंच यश. फक्त डॉक्टरला परत काही विचारायची जागा त्यात ठेवलेली नव्हती. नेमणूक आणि बढती राज्याच्या हातात, गोपनीय अहवाल परिषदेत, आणि रोजचा जाब गावात. मालक तीन झाले.

१९७० मध्ये चौथा आला. वैद्यकीय शिक्षण आरोग्य सेवेपासून वेगळं काढून त्याचं स्वतंत्र संचालनालय केलं. तोवर प्राध्यापक आणि सिव्हिल सर्जन एकाच वाड्यात नांदत होते. आता आरोग्य सेवा संचालकाच्या हाताखाली जिल्ह्यांचे दवाखाने आणि वैद्यकीय शिक्षण संचालकाच्या हाताखाली कॉलेजं. पुढे मंत्रीही दोन. खानदेशात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, त्यामुळे पहिली अठरा-एकोणीस वर्षं इथं याचा फारसा परिणाम जाणवला नाही.

जाणवला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं तेव्हा. हिरे मेडिकल, गावाच्या तोंडी. कॉलेजला हॉस्पिटल लागतं, म्हणून सिव्हिल कॉलेजला जोडलं गेलं. लोकांच्या दृष्टीनं सिव्हिलला प्राध्यापक मिळाले, ही आनंदाची गोष्ट, आणि ती खरीच होती. पण खाटा अधिष्ठात्यांकडे गेल्या आणि जिल्ह्याच्या गावातला सिव्हिल सर्जन आपल्याच नावाच्या दवाखान्यावाचून राहिला. त्याच्याकडे उरले तालुक्यांचे दवाखाने, शिरपूर, दोंडाईचा आणि इतर, शिवाय १९९८ पर्यंत, नंदुरबार वेगळा जिल्हा होईतो, अक्कलकुवा-धडगावचा डोंगरही. नंतर कॉलेज चक्करबर्डीच्या नव्या आवारात गेलं आणि जुन्या सिव्हिलच्या जागेत आरोग्य खात्याचं जिल्हा रुग्णालय पुन्हा सुरू झालं. आज धुळ्यात दोन मोठे सरकारी दवाखाने आहेत, दोन खात्यांचे. रिक्षावाल्याला नुसतं सिव्हिल म्हटलं तर तो विचारतो, कोणतं?

या सगळ्यात डॉक्टरांची बाजू कोण मांडत होतं? आरोग्य सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना मॅग्मो, म्हणजे महाराष्ट्र राज्य राजपत्रित वैद्यकीय अधिकारी संघटना. कॉलेजातल्या अध्यापकांची वेगळी, महाराष्ट्र राज्य वैद्यकीय शिक्षक संघटना. निवासी डॉक्टरांची मार्ड. खासगी डॉक्टरांची आय.एम.ए. म्हणजे एकाच पेशंटला हात लावणाऱ्या चार डॉक्टरांच्या चार संघटना. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातला सर्जन आणि हिरे मेडिकलमधला सर्जरीचा प्राध्यापक एकाच विषयाची पदवी घेतलेले, एकच ऑपरेशन करणारे. पण एक मॅग्मोचा, एक शिक्षक संघटनेचा. पगाराची श्रेणी वेगळी, निवृत्तीचं वय वेगळं, भत्त्यांची भांडणं वेगळी. सरकारला याचा फायदा झाला नसता तरच नवल.

संघटना करायचा हक्क सरकारी नोकराला आहे, हे न्यायालयात सिद्ध करावं लागलं होतं, आणि तो खटला मुंबईचाच. महालेखापाल कार्यालयातले ई. एक्स. जोसेफ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये मान्यता नसलेल्या संघटनेचं सभासद होण्यावरची बंदी रद्द केली. संपाचा हक्क मात्र न्यायालयानं कधी दिला नाही. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात तर स्पष्टच नाकारला. महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला, तो अजून कार्यालयांत सांगितला जातो. पण तो कारकून-शिक्षकांचा संप होता. राजपत्रित डॉक्टर हा वर्ग एक किंवा दोनचा अधिकारी. त्याला चळवळीत हक्काची जागा नव्हती आणि साहेबांच्या रांगेत आय.ए.एस.वाले त्याला मागेच उभे करत. १९७९ च्या वर्तणूक नियमांत वशिला लावायला मनाई आहे. प्रत्यक्षात बदली अडली की आमदारांचं पत्र हाच सर्वात जवळचा रस्ता राहिला. मी याला भ्रष्टाचार म्हणणार नाही. प्रतिनिधित्वाची दुसरी सोय नसली की माणूस मिळेल त्या प्रतिनिधीकडे जातो.

तिसरा रस्ता न्यायाचा. १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण झालं, तेव्हापासून बदली-बढतीचं भांडण तिथं नेता येतं. खानदेशच्या डॉक्टरची भूगोलाची अडचण इथं कळते. त्याचा आरोग्य उपसंचालक नाशिकला. संचालनालय आणि मंत्रालय मुंबईला. खटला औरंगाबादच्या खंडपीठात. जळगावच्या सी.एस.नं एका बदलीबद्दल तीनही दिशा गाठायच्या म्हटलं तर त्याचा दवाखाना तेवढे दिवस कोण चालवणार?

आणखी एक गाठ या नोकरीच्या पोटातच आहे. सेवेत पुढे जायचं तर विशेषज्ञानं कधीतरी प्रशासनात जायचं. चांगला सर्जन अधीक्षक होतो, मग सी.एस., मग उपसंचालक; आणि प्रत्येक पायरीवर चाकू लांब जातो, फाईल जवळ येते. जिल्ह्यात ज्याला बोलायचा अधिकार मिळतो तो तोवर वॉर्डात राहिलेला नसतो, आणि वॉर्डात जो आहे त्याला बैठकीचं बोलावणं नसतं. ज्येष्ठ डॉक्टरांचं प्रतिनिधित्व म्हणून आपण जे पाहतो ते बहुतेक वेळा माजी सर्जनांचं असतं.

जुलै २०१४ मध्ये मॅग्मोनं शेवटी संपाचं हत्यार काढलं. राज्यभरातले सुमारे १२,००० डॉक्टर त्यात असल्याचं संघटना सांगत होती. मागण्या जुन्याच : वर्षानुवर्षं अस्थायी ठेवलेल्यांना कायम करा, वेतनश्रेणीची थकबाकी द्या, निवृत्तीचं वय वाढवा. खानदेशच्या डोंगरपट्ट्यात अस्थायी हा शब्द फार जड आहे. तिथली केंद्रं चालवणारे कितीतरी डॉक्टर, बी.ए.एम.एस. पदवीचे धरून, अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर आणि मधल्या तांत्रिक खंडावर वयाची चाळिशी ओलांडून गेले होते. पाऊस सुरू झालेला, साथीचे दिवस, विधानसभेची निवडणूक तोंडावर. सरकारनं अत्यावश्यक सेवांचा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते. आठवडाभरात आश्वासनं मिळून संप मिटला. या संपाचा फायदा झाला की नाही यावर डॉक्टरांतही एकमत नाही. माझ्या मते मागण्यांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची ठरली : प्रश्न पगाराचा आणि कायमपणाचा म्हणूनच लक्षात राहिला. दवाखाना कसा चालावा यात डॉक्टरला विचारावं, ही मागणी त्या यादीत वर नव्हतीच.

इथं ब्रिटनकडे एकदा बघायला हरकत नाही, कारण आपली सिव्हिल सर्जनी तिथूनच आली. तिथं १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि १९९९ मध्ये स्कॉटलंड-वेल्सला स्वतःची सभागृहं मिळाल्यावर तिचा कारभारही वाटला गेला. ज्येष्ठ डॉक्टरांचा, तिथं त्यांना कन्सल्टंट म्हणतात, नवा करार २००२ मध्ये त्यांच्याच मतदानाला टाकला. इंग्लंड आणि वेल्सच्या डॉक्टरांनी तो फेटाळला, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं स्वीकारला. पुढे प्रत्येक भागाचा करार वेगळा झाला आणि डॉक्टरांच्या संघटनेच्या समित्याही त्या त्या भागाच्या उभ्या राहिल्या. अधिकार जिथं गेला तिथं संघटना मागोमाग गेली. आपल्याकडे १९६२ मध्ये अधिकार जिल्ह्यात आला, संघटना मुंबईतच राहिली. जिल्हा शाखा आहेत, निवेदनं देतात, पण जिल्हा परिषदेनं किंवा पालकमंत्र्यानं त्यांच्याशी वाटाघाट केलीच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याचं नाव देशभर गेलं. अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट हिरे मेडिकलच्या रुग्णालयात आला. मेंदूचा सर्जन तिथं नव्हता. दुसरीकडे न्या, असं ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरनं सांगितलं आणि नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. आठवडाभरात मुंबईतही अशा घटना झाल्या आणि २० मार्चपासून राज्यातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं डॉक्टरांना कामावर जायला सांगितलं आणि सरकारनं दवाखान्यांसाठी १,१०० सुरक्षारक्षक देऊ असं कबूल केलं. त्या दिवसांत वॉर्ड चालवले ते प्राध्यापकांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी. बोलली मात्र मार्ड, पंचविशी-तिशीतली मुलं, ज्यांना तीन वर्षांनी तिथून जायचंच होतं. आयुष्य तिथं घालवणारे ज्येष्ठ मागे होते. आणि मूळ प्रश्न, धुळ्याला न्यूरोसर्जन का नाही, तो रक्षकांच्या आकड्यात हरवला. लाठीवाला रक्षक मंजूर करणं सोपं असतं, विशेषज्ञाचं पद भरणं अवघड.

दुसऱ्याच वर्षी, २०१८ मध्ये, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. जामनेरचे गिरीश महाजन तेव्हा वैद्यकीय शिक्षण मंत्री होते. चिंचोलीला आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत असं सगळं एका आवारात आणणारं मेडिकल हब आखलं गेलं. ते उभं राहीपर्यंत कॉलेजला हॉस्पिटल हवं, म्हणून धुळ्याचीच गोष्ट इथं पुन्हा घडली : जळगावचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे गेलं. नव्या कॉलेजांच्या नशिबी आणखी एक गोष्ट असते. दिल्लीहून तपासणी आली की प्राध्यापकांची हजेरी भरावी लागते आणि मग एका कॉलेजातले डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्यात हलवले जातात. अशा फिरत्या माणसांची ज्येष्ठता कागदावर असते, वॉर्डवर पकड बसायला वेळच मिळत नाही.

कॉलेज दुसऱ्या वर्षात असतानाच करोना आला. मार्च २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा दोन्ही लागू झाले. या दुसऱ्या कायद्यात एक गंमत आहे. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, आणि सदस्यांत पोलीस अधीक्षकाबरोबर जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी. सचिव नव्हे, चक्क सदस्य. जिल्ह्याच्या टेबलावर डॉक्टरला कायद्यानं अशी पूर्ण खुर्ची मिळाल्याचं दुसरं ठळक उदाहरण मला आठवत नाही, आणि ती मिळायला आपत्ती यावी लागते. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात जिल्हा चालवला तो कलेक्टरांनीच. खाटा मोजणं, खासगी दवाखाने ताब्यात घेणं, रोजचा आकडा जाहीर करणं, सगळं कलेक्टर कचेरीतून.

जळगावचा मृत्युदर त्या आठवड्यांत राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. १ जूनला भुसावळच्या ८२ वर्षांच्या एक आजी जळगावच्या सिव्हिलमध्ये दाखल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वॉर्डात दिसेनात. पोलिसांत तक्रार झाली. १० जूनला त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. आठ दिवस त्या शौचालयात कुणी डोकावलं नव्हतं. अधिष्ठात्यांसह अनेकांना निलंबित केलं गेलं, काही दिवसांत कलेक्टरही बदलले. जिल्हा हादरला होता आणि कुणाला तरी जबाबदार धरायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण शौचालयाची सफाई चतुर्थ श्रेणीच्या माणसांची, त्यांच्या जागा भरायच्या की कंत्राटावर द्यायच्या हे ठरतं मुंबईत. जिल्ह्याच्या खर्चाला मंजुरी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीत. औषधं तेव्हा २०१७ च्या निर्णयाप्रमाणे मुंबईच्या हाफकिन महामंडळामार्फत खरेदी होऊन येणार. अधिष्ठात्यांच्या हातात यातलं फारच थोडं होतं. निलंबनाच्या आदेशाला मात्र एकच नाव लागतं. म्हातारीच्या मरणाची लाज कमी करायला मी हे सांगत नाही. ती लाज किती जणांत वाटायला हवी होती, ते सांगतो आहे.

तीन वर्षांनी हाच खेळ नांदेडला झाला, जास्त उघडपणे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. पाहणीला आलेले खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि शौचालय साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. पुढे खासदारांवर गुन्हा नोंदला गेला, डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केले. त्या वेळी सगळ्या संघटना एका सुरात बोलल्या. मॅग्मो, शिक्षक, मार्ड, आय.एम.ए. यांना एकत्र आणायला एका अधिष्ठात्याचा अपमान लागला, आणि एकी निषेधाच्या पत्रकापुरतीच टिकली. औषध खरेदीचं, पदभरतीचं, सफाईच्या कंत्राटाचं चौघांचं मिळून एक म्हणणं काही मांडलं गेलं नाही. औषध खरेदीसाठी त्याच वर्षी नवं प्राधिकरण कायद्यानं झालं होतं; ते मध्यवर्तीच, आणि तेही मुंबईतच.

यात जिल्हा परिषदेचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपली. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले. सभापती नाहीत, सदस्य नाहीत, म्हणून आरोग्य समितीची सभाही नाही. मुख्यालयी न राहणाऱ्या डॉक्टरचा विषय काढायला कुणी उरलं नाही, आणि डी.एच.ओ.ला इतिवृत्त लिहायचं काम राहिलं नाही. रिक्त पदांचं पत्र तो आता प्रशासकांच्या सहीनं पाठवू लागला, त्याच खात्याला.